कपाट उचलायला आठ माणसं

माणसं चांगला खेळ अर्ध्यावर सोडून का जातात, या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तीनशे बारा माणसं मी एका दुपारी स्वतःच्या हाताने घालवलेली आहेत. या क्षेत्रात एवढा अनुभव एकट्या माणसाच्या वाट्याला क्वचितच येत असेल. तरीही आमच्या घरात या विषयावर माझं मत कोणी विचारत नाही. ते जाऊ दे.

आमच्या कन्येने बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि अडीच वर्षं खपून एक खेळ तयार केला. संगणकावर खेळायचा, पण एकट्याने नाही. ठिकठिकाणच्या अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून एकत्र खेळायचा. खेळ असा की एक जुनं लोखंडी कपाट जिन्याने चौथ्या मजल्यावर न्यायचं. चार कोपऱ्यांना चार माणसं. शेजारच्या जिन्यावर दुसरे चौघे त्यांचं कपाट घेऊन. जिना अरुंद, दुसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी कुत्रा झोपलेला, तिसऱ्यावर सायकल लावलेली. कपाट भिंतीला घासलं की दार उघडून एक बाई बाहेर येते आणि रंगाचा खर्च कोण देणार असं विचारते. ज्यांचं कपाट आधी पोचेल ते जिंकले. चौघांपैकी एक जरी मध्येच निघून गेला, तर कपाट उरलेल्या तिघांच्या अंगावर येतं.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हसून हसून माझा चष्मा पडला. चौतीस वर्षं मी शिक्षक आणि त्यातली अकरा मुख्याध्यापक होतो, त्यामुळे हसण्याची मला फारशी सवय नाही. म्हणजे खेळ चांगला होता, यात वाद नाही. पहिल्या आठवड्यात चार हजार माणसं खेळून गेली. सगळ्यांनी लिहिलं, "फार मजा आली." आणि मजा आल्यावर जी गेली ती गेली.

मग महिन्याच्या एक तारखेला पत्र आलं. हा खेळ ज्या कंपनीच्या यंत्रांवर चालायचा त्या कंपनीने कळवलं होतं की तीस तारखेपर्यंत एका वेळी तीनशे माणसं खेळताना दिसली नाहीत, तर खेळ काढून टाकण्यात येईल. त्या दिवशी आकडा होता अकरा. खेळ गेला की कन्या परत बँकेत, कर्जाच्या अर्जाचे रकाने आखायला, आणि तेही दुसऱ्या गावी. बँकेने तशी जागा धरून ठेवली होती. ती जेवायला बसली ती नुसतीच पानाकडे बघत.

"लोकांना मजा येते ना?" मी विचारलं.

"येते."

"मग जातात कशाला?"

"बाबा, खेळ सुरू व्हायला आठजण लागतात. सहाजण येतात, दोन मिनिटं वाट बघतात, कंटाळून जातात. ते गेले की चौघे येतात. त्यांना कोणीच दिसत नाही, तेही जातात. मग पाच येतात. दिवसभरात शंभर माणसं येऊन जातात आणि एक कपाट जागचं हलत नाही. सगळ्यांना खेळायचंय, पण एका वेळी नाही."

मी हात धुतले, चष्मा पुसला आणि सावकाश म्हणालो, "याला गळती म्हणतात."

हा शिक्षणखात्यातला शब्द आहे. पटावर नाव असलेलं मूल शाळेत यायचं बंद होतं, त्याला गळती म्हणतात. एका वर्षी आमच्या शाळेचा पट इतका घसरला की शाळा बंद करायचा कागद निघाला होता. मी महिनाभर हजेरीपट काखोटीला मारून दारोदार हिंडलो. एका विद्यार्थ्याला झाडावरून उतरवलं, एकाला त्याच्या मामाच्या लग्नातून उचललं. शाळा वाचली. त्याबद्दल झालेल्या सत्कारात मिळालेलं घड्याळ अजून भिंतीवर आहे. चालत नाही, पण आहे.

"ती मुलं होती," ही म्हणाली. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. "ती जाऊन जाऊन कुठे जाणार? तुम्ही दार अडवून उभे राहायचात."

मी दुर्लक्ष केलं. कन्येला दुसरा उपाय सुचत नव्हता, म्हणून तिने खेळाच्या सूचनाफलकाची किल्ली, म्हणजे तो परवलीचा शब्द, माझ्या हवाली केला. पुढे तिला याचा बराच पश्चात्ताप झाला.

माझा पहिला उपाय साधा होता: घंटा. रोज सायंकाळी ठीक सात वाजता खेळात शाळेची घंटा वाजेल, तरी सर्व खेळाडूंनी वेळेवर उपस्थित राहावे, अशी सूचना मी लावली. आणि काय सांगू, लोक आले! पहिल्या दिवशी चाळीस, दुसऱ्या दिवशी सत्तर, चौथ्या दिवशी शहाण्णव. मी स्वतः सातला पाच कमी असताना हजर राहून एकेकाचं नाव पुकारत असे. खेळात लोक स्वतःची नावं स्वतः ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. "झोपाळू पाल?" "हजर." "उलटी चप्पल?" "हजर." "राजा एकटा?" "हजर सर." हा 'सर' ऐकून मला भरून आलं.

वरच्या मजल्यावर आमचे एक शेजारी आहेत. आयुष्यभर विमा विकला, आता निवृत्त. आम्ही त्यांना विमेवाले म्हणतो. त्यांच्या कानावर बातमी गेली आणि ते न बोलावता खाली आले. न बोलावता येणं हा त्यांच्या धंद्याचा भाग होता आणि सवय सुटलेली नाही.

"अहो, घंटेने माणूस येतो, थांबत नाही," ते सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाले. "माणूस बांधायचा असतो. रोज आला की एक शिक्का द्या. तीस शिक्के झाले की सोनेरी कपाट. एक दिवस चुकला की सगळे शिक्के बाद. मी एकेकाला वीस-वीस वर्षं असा धरून ठेवलाय."

कन्या नाही म्हणत होती. पण विमेवाल्यांनी आलेख काढून दाखवला, आणि आलेखापुढे माझं काही चालत नाही. शिक्के सुरू झाले. पहिल्याच संध्याकाळी सातला दोनशे दहा माणसं! मी हिला हाक मारली. ही ओल्या हाताने बाहेर येईपर्यंत सात वाजून दोन मिनिटं झाली होती आणि आकडा अठरा होता. लोक यायचे, शिक्का घ्यायचे आणि पसार व्हायचे. हा प्रकार मी लगेच ओळखला. आमचे चित्रकलेचे शिक्षक मस्टरवर सही करून असेच मागच्या दाराने जायचे. आधी जे खेळायला म्हणून थांबत होते, तेही आता शिक्का मिळाला म्हणजे काम झालं असं समजून जाऊ लागले. झोपाळू पालीने लिहिलं, "आधी मजेसाठी यायचो. आता दिवस चुकेल म्हणून येतो. घरचं दूध आणण्यासारखं झालंय."

मी ते विमेवाल्यांना वाचून दाखवलं. "बघा, बांधला गेला," ते समाधानाने म्हणाले.

अठरा तर अठरा, निदान खेळत होते. पण आता संकट घरातूनच उभं राहिलं. आकड्याला हातभार म्हणून मी हिला खेळायला बसवलं होतं. हिने सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या तिघी मैत्रिणींना बसवलं. या चौघींनी मिळून आयुष्यात चौदा घरं बदललेली आहेत. नवऱ्यांच्या बदल्या होत, नवरे आधी निघून जात आणि सामान या हलवत. कपाट तिरकं कधी करायचं, सायकल कुठल्या पायाने सरकवायची, कुत्र्याशी काय बोलायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. चौघींचा गट कपाट चाळीस सेकंदांत चौथ्या मजल्यावर नेई आणि वर पोचल्यावर खाली अडकलेल्यांना सूचना देत बसे.

"अहो पिवळा शर्ट, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका!" ही ओरडायची. "आईने काही शिकवलं नाही का?"

नवा माणूस आला की पहिल्याच डावात नेमकं या चौघींशी गाठ. चाळीस सेकंदांत हार, वर आईचा उद्धार. तो परत कशाला येतोय! पिवळा शर्ट त्या दिवशी गेला तो गेलाच.

"अगं, अधूनमधून हरत जा," मी एकदा चुचकारून म्हटलं.

"मुद्दाम?"

"खेळाच्या भल्यासाठी."

"छत्तीस वर्षं तुमच्या घरात मुद्दामच हरतेय," ही म्हणाली. "एक जागा सापडलीय जिंकायची, तिथेही हरू?"

मग मी शैक्षणिक मार्ग काढला: तुकड्या. हुशार खेळाडूंची अ, मध्यम ब, कच्चे क आणि अगदीच मार्गदर्शनाची गरज असणारे ड. कन्येने दोन दिवस राबून तशी सोय केली. न्याय्य व्यवस्था होती. कोणी कोणाला चिरडणार नाही. संध्याकाळी सातला घंटा वाजली. अ तुकडीत चार माणसं होती, म्हणजे ही आणि तिच्या मैत्रिणी, आणि त्यांच्यापुढे हरायला कोणी नव्हतं. ब मध्ये सात बसले होते आणि आठव्याची वाट बघत होते. क मध्ये सहा. ड मध्ये मी एकटा. एकूण माणसं अठरा, म्हणजे दोन डाव सहज झाले असते आणि वर दोघे उरले असते, आणि प्रत्यक्षात एकही झाला नाही. वीस मिनिटांनी ब मधले सातही निघून गेले. मी मात्र ड मध्ये पूर्ण तास बसलो. वर्ग सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.

एकवीस तारीख उजाडली. कन्या आता फारशी बोलत नव्हती. बँकेचं पाकीट टेबलावर आलं होतं आणि ती ते उघडत नव्हती, फेकतही नव्हती. मला ते बघवेना. मी ठरवलं, आता दारोदार. माझ्याकडे पट होताच. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्यांची यादी काढली, जवळजवळ चारशे नावं निघाली. प्रत्येकाला खेळातूनच पत्र धाडलं: "आपण विनापरवानगी गैरहजर आहात. गैरहजेरीचे कारण चोवीस तासांत लेखी कळवावे, अन्यथा आपले नाव पटावरून कमी करण्यात येईल." खाली सवयीने 'पालकांची सही' अशी रेघ ओढली होती. ती तेवढी खोडायची राहून गेली.

तीनशे बारा जणांनी चोवीस तास थांबण्याची तसदी न घेता त्याच दुपारी स्वतःचं नाव स्वतः कमी करून टाकलं. एकाने लिहिलं, "हेच माझा साहेब विचारतो. आता तुम्ही पण?" एका बाईंनी मात्र डॉक्टरचा दाखला जोडला होता, पाठीचा. आणि राजा एकटाने कारण दिलं होतं: "सर, पहिल्या दिवशी ज्या तिघांबरोबर कपाट नेलं, ते मला परत भेटलेच नाहीत. रोज नवे तिघे. मी त्यांनाच शोधायला येत होतो. मग कंटाळलो."

कन्येने सगळं वाचलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "ही माणसं इथे शाळा सुटल्यावर येतात."

मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. चौतीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि वाईट याचं की पोरगी बरोबर होती. मी तिचा खेळ वाचवायला निघालो होतो आणि त्याची शाळा करून ठेवली होती. बंद पडायला आलेली शाळा.

पुढचे पाच दिवस मी कशाला हात लावला नाही. पण सत्तावीस तारखेला माझ्यातला मुख्याध्यापक गप्प बसेना. कोणतीही संस्था बंद व्हायची शक्यता असेल, तर संबंधितांना तीन दिवस आधी सूचना देणं बंधनकारक असतं. तीस वजा तीन सत्तावीस. खेळ बंद होवो न होवो, उद्या कोणी विचारलं की सूचना का दिली नाही, तर पोरीच्या नावाला बट्टा लागायला नको. म्हणून मी सर्व आजी-माजी खेळाडूंना कळवलं की तीस तारखेला सायंकाळी सात वाजता हा खेळ कायमचा बंद होत आहे, तरी सर्वांनी शेवटच्या कपाटास उपस्थित राहावे.

"बाबा! अजून तीन दिवस होते!" कन्या जवळजवळ रडली. "बंद व्हायचं ठरलं नव्हतं अजून!"

"नियमाप्रमाणे तीन दिवस आधी..."

"कुठला नियम? कोणाचा?"

बंदची सूचना कंपनीकडेही नोंदली गेली होती आणि ती असेपर्यंत फलकावर दुसरं काही लावता येत नव्हतं; ती मागे घ्यायला गेलो तर कंपनीचा अर्ज निघाला. त्यात 'खेळ बंद करण्याचे कारण' हा रकाना सक्तीचा. 'खेळ बंद करायचा नाही' असं कारण लिहिलं की लाल अक्षरं यायची: कृपया योग्य कारण निवडा. कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं तर तिथे माणूसच नव्हता. एक यंत्र होतं आणि त्याने तीन वेळा मला शुभ दिवस चिंतला. अर्जाचा निकाल पाच दिवसांत लागेल असं कळलं, म्हणजे दोन तारखेला. आयुष्यभर मी लोकांना असेच अर्ज भरायला लावले, ते सगळे चेहरे मला आठवले.

तीस तारखेला संध्याकाळी आम्ही तिघं संगणकापुढे बसलो. विमेवालेही आले होते. साडेसहाला आकडा चाळीस होता. पावणेसातला चारशे. कन्येने माझा हात धरला. सात वाजता एकोणीसशे! जिने माणसांनी भरून गेले. पहिल्या आठवड्यात येऊन गेलेले ते चार हजार, त्यातले निम्मे परतले होते. पिवळा शर्ट आला होता. जे एकूण अकरा मिनिटं खेळले होते ते "काय दिवस होते ते" असं लिहीत होते. ज्यांनी माझं पत्र मिळताच नाव कमी केलं होतं, त्यांनी नव्याने नाव घालून भाषणं केली. ही आणि तिच्या मैत्रिणी कोणालाही न बोलता नव्या माणसांना कोपरा धरून द्यायला धावत होत्या. आणि त्या गर्दीत कोणीतरी ओरडलं, "राजा! तूच ना तो, कपाट कुत्र्यावर टाकणारा?" राजा एकटाला त्याचे तिघे सापडले होते. चौघांनी कपाट उचललं आणि पहिल्याच वळणावर बाईच्या दारावर आपटलं. मी चष्मा काढून डोळे पुसले. 

आठ वाजता कंपनीचं पत्र आलं. अट पूर्ण झाली होती, खेळ चालू राहणार होता, फलकही मोकळा झाला होता. कन्येने मला मिठी मारली. मग ती प्रामाणिक असल्यामुळे तिने फलकावर लिहिलं की खेळ बंद होत नाही, वडिलांचा गैरसमज झाला होता, क्षमस्व. लोक भडकले. "मग आम्ही रडलो ते काय?" "फसवणूक आहे ही!" दहा मिनिटांत जिने रिकामे. दुसऱ्या दिवशी सातच्या घंटेला तेवीस माणसं होती, आणि कंपनीने पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही अट आता दर महिन्याला लागू राहील.

मी डोक्याला हात लावला. कन्या मात्र हसायला लागली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"बाबा, कळलं मला. त्यांना खेळ आवडतो. तो कुठेतरी असावा असं त्यांना वाटतं. फक्त तो रोज असला की आज गेलं काय नि उद्या गेलं काय. आपण तो रोज ठेवायचाच नाही. फक्त शनिवारी, सात ते आठ. बाकी सहा दिवस कुलूप."

"आठवड्यातून एक तास? हा खेळ आहे की ग्रहण?" मी म्हणालो. चौतीस वर्षं दारं उघडी ठेवण्यासाठी भांडलेला माणूस मी, ती बंद करण्याच्या बाजूने मत कसं देणार?

"एका वेळी तीनशे पाहिजेत ना? रोज थोडे थोडे येऊन उपयोग काय?" ती म्हणाली. "आणि कोणाबरोबर खेळलो त्याला पुढच्या शनिवारसाठी धरून ठेवता येईल, अशी सोय करते मी. शिक्के बंद. तुकड्या बंद. घंटा राहू दे."

घंटा राहिली, याचं मला बरं वाटलं. पहिल्या शनिवारी सहाशे चाळीस आले. दुसऱ्या शनिवारी सातशे. आठ वाजता जिना बंद होताना अर्ध्यावर अडकलेले लोक किंचाळतात आणि पुढच्या शनिवारी तिथूनच कपाट उचलतात. बँकेचं ते पाकीट कन्येने न उघडता परत पाठवलं. टपालात टाकायला मीच गेलो होतो आणि पेटीत टाकल्यावर दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो. मला फार आनंद झाला होता, तो घरी लगेच दाखवायचा नव्हता.

आता माझ्याकडे एकच काम आहे. लोकांचे अर्ज येतात की खेळ मंगळवारीही उघडावा, रविवारीही उघडावा, निदान पंधरा मिनिटं तरी उघडावा. सुट्टी रद्द करा असा अर्ज माझ्या उभ्या नोकरीत एकदाही आला नव्हता. मी प्रत्येक अर्ज नीट वाचतो, त्यावर क्रमांक घालतो आणि खाली 'नामंजूर' असा शेरा मारतो. यात जो आनंद आहे तो मला सांगता येणार नाही.

परवा असाच एक अर्ज आला. अर्जदाराने नाव दिलं नव्हतं. "बुधवारी दुपारी चार ते पाच खेळ उघडावा. आम्ही चौघी त्या वेळी मोकळ्या असतो. अर्ज नामंजूर झाल्यास उद्यापासून आपला चहा आपण करून घ्यावा." मी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला, पेन उघडलं आणि शेरा मारला.

चहा आता मला बरा जमतो.